हरिहरेश्वर परिसरातील वंशशोध

हरिहरेश्वर हे रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यात, सावित्री नदीच्या मुखाजवळ वसलेले तीर्थक्षेत्र आहे. येथील काळभैरव व योगेश्वरी ही दैवते अनेक मराठी घराण्यांची कुलदैवते आहेत. कोकण सोडून पिढ्यान्‌पिढ्या देशावर, मध्य भारतात, मुंबईत अथवा परदेशात राहिलेल्या कुटुंबांच्या वंशशोधात त्यामुळे या गावाचे नाव वारंवार येते. आपले पूर्वज कोण, ते कोठून निघाले आणि त्यांच्या इतर शाखा कोठे आहेत, याचा कागदपत्रे, मौखिक परंपरा व नातेवाइकांची माहिती यांच्या आधारे घेतलेला मागोवा म्हणजे वंशशोध. महाराष्ट्रात या शोधाचे फलित बहुधा ‘कुलवृत्तांत’ या नावाच्या ग्रंथरूपात प्रसिद्ध होते.

कुलदैवताचे महत्त्व

स्थलांतरित कुटुंबाच्या स्मृतीतून मूळ गाव लवकर पुसले जाते. जमीन विकली गेली, भाऊबंदांशी संबंध तुटले की दोन-तीन पिढ्यांत गावाचे नावही उरत नाही. कुलदैवत मात्र सहसा विसरले जात नाही, कारण लग्न, मुंज, बोडण, गोंधळ अशा प्रत्येक कुलाचारात त्याचा उच्चार करावा लागतो. नवविवाहित दांपत्याने कुलदैवताच्या दर्शनास जावे, हा प्रघातही ही स्मृती टिकवून धरतो. म्हणून वंशशोधात ‘मूळ गाव कोणते?’ या प्रश्नाच्या आधी ‘कुलदैवत कोणते?’ हा प्रश्न विचारला जातो. हरिहरेश्वर हे उत्तर मिळाल्यास शोधाचे क्षेत्र संपूर्ण कोकणावरून श्रीवर्धन, म्हसळा आणि सावित्रीच्या दक्षिणेकडील मंडणगड-दापोली या टापूपर्यंत आकुंचित होण्याची शक्यता असते. वेळणेश्वर किंवा गुहागरचा व्याडेश्वर असे उत्तर मिळाल्यास शोध आणखी दक्षिणेकडे वळतो.

हा पुरावा नसून केवळ दिशा आहे, हे लक्षात ठेवणे आवश्यक असते. एकाच दैवताची उपासना परस्परांशी रक्ताचे नाते नसलेली अनेक कुळे करतात. चित्पावनांतील अनेक कुळांची कुलदेवी बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईची योगेश्वरी आहे. तेवढ्यावरून त्या सर्व कुळांचे पूर्वज मराठवाड्यातून आले, असे सिद्ध होत नाही. काही घराण्यांनी स्थलांतरानंतर नव्या प्रदेशातील दैवत स्वीकारले, तर काहींनी जुन्या दैवताचा टाक देवघरात ठेवून प्रत्यक्ष यात्रा सोडून दिली.

आडनाव, गोत्र व व्यक्तिनाम

आडनाव हे वरवर पाहता वंशाचे सर्वांत सोपे चिन्ह होय. प्रत्यक्षात ते सर्वांत फसवे ठरते. कोकणात गावाच्या नावाला ‘कर’ प्रत्यय लावून बनलेली आडनावे विपुल आहेत. परंतु असे नाव बहुधा गाव सोडल्यानंतर पडते. गावात राहणाऱ्या सर्वांनाच गावाचे नाव लावण्यात अर्थ नसतो. एकाच गावातून निघालेल्या ब्राह्मण, मराठा, सोनार, मुसलमान व बेने इस्रायली कुटुंबांचे आडनाव त्यामुळे एकच असू शकते. जोशी, कुलकर्णी, देशमुख, खोत ही आडनावे तर वृत्तीची किंवा वतनाची आहेत. चित्पावनांमध्ये परंपरेने १४ गोत्रे आणि ६० मूळ आडनावे मानली जातात. पुढे उपनामे वाढत जाऊन ही संख्या कितीतरी पटींनी फुगली. जोशी हे आडनाव एकापेक्षा अधिक गोत्रांत आढळते. त्यामुळे आडनावासोबत गोत्र जुळत नसेल, तर ती दोन कुळे वेगळी समजली जातात.

नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची प्रथा वंशशोधकाची खरी परीक्षा पाहते. दोन-तीनच नावे पिढ्यान्‌पिढ्या आलटून पालटून येत राहतात आणि मधल्या दोन पिढ्या गळाल्या तरी वंशावळ अखंड दिसते. पेशवे घराण्यातील उदाहरण सर्वपरिचित आहे. पहिल्या बाजीरावाचे मूळ नाव विसाजी, म्हणजे आजोबांचे विश्वनाथ हेच नाव होते. तो ‘बाजीराव बल्लाळ’ असे लिही. येथे ‘बल्लाळ’ म्हणजे बाळाजी विश्वनाथाचा पुत्र. त्याचा नातू ‘माधवराव बल्लाळ’ म्हणवला जाई. तेथे बल्लाळ म्हणजे बाळाजी बाजीराव, अर्थात नानासाहेब. राजकीय इतिहासाचा आधार असल्याने येथे घोटाळा होत नाही. एखाद्या सामान्य खोताच्या किंवा भिक्षुकाच्या घराण्यात मात्र दोन बल्लाळांचा एक बल्लाळ सहज होतो.

श्रीवर्धनकर भट घराणे

हरिहरेश्वरचा काळभैरव हे पेशव्यांचे कुलदैवत. पेशव्यांचे भट घराणे जंजिऱ्याच्या सिद्दीच्या अमलाखालील श्रीवर्धनचे वंशपरंपरागत देशमुख होते. सिद्दीशी वितुष्ट आल्यावर बाळाजी विश्वनाथाने श्रीवर्धन सोडले आणि १७१३ मध्ये छत्रपती शाहूंकडून त्याला पेशवेपद मिळाले. महाराष्ट्रातील बहुधा सर्वांत बारकाईने अभ्यासली गेलेली ही वंशावळ असल्याने, वंशावळीत कोणाला स्थान मिळते व कोणाला मिळत नाही, हे तिच्यावरून स्पष्ट दिसते.

स्त्रियांची नोंद येथे नेहमीपेक्षा चांगली आहे. बाळाजी विश्वनाथाची पत्नी राधाबाई ही बर्वे घराण्यातील, बाजीरावाची पत्नी काशीबाई चासकर जोश्यांची, नानासाहेबाची पत्नी गोपिकाबाई रास्त्यांची. मुलींपैकी भिऊबाई बारामतीच्या जोशी घराण्यात आणि अनूबाई इचलकरंजीच्या घोरपडे घराण्यात दिली गेली. ही माहिती टिकली ती त्यांचे माहेर वा सासर सावकार, सरदार अथवा संस्थानिक होते म्हणून. इतर घराण्यांच्या जुन्या वंशवेलींत पुरुषाच्या नावाखाली पुढची पुरुषनामेच येतात. सुनेचे नाव असले तर ते सासरी बदललेले असते, आणि माहेरचे नाव व घराणे यांचा उल्लेखच नसतो. अशा वेळी निम्मे पूर्वज कायमचे अज्ञात राहतात.

बाजीराव व मस्तानी यांचा पुत्र समशेरबहाद्दर याचे उदाहरण याहून बोलके आहे. तो बाजीरावाचा पुत्र होता याविषयी कोणालाही शंका नव्हती. पेशव्यांच्या फौजेत तो लढला आणि १७६१ च्या पानिपतच्या युद्धानंतर जखमांमुळे मरण पावला. तरीही ब्राह्मण कुळाच्या वंशावळीत त्याची शाखा सामावली गेली नाही. त्याचे वंशज पुढे बांद्याचे नवाब म्हणून वेगळ्या इतिहासाचा भाग झाले. याउलट दत्तकाच्या बाबतीत रक्ताचे नाते नसतानाही कूळ चालू राहते. दुसऱ्या बाजीरावाने १८२७ मध्ये दत्तक घेतलेले नानासाहेब हे कर्जतजवळच्या वेणगावच्या माधव नारायण भट यांचे पुत्र होते. १८५१ मध्ये बाजीराव वारल्यावर कंपनी सरकारने त्यांचे निवृत्तिवेतन पुढे चालू ठेवण्याचे नाकारले. दत्तकाने कूळ पुढे चालते हे धर्मशास्त्राला मान्य होते, पण वेतनाचा हक्कही त्याच्याबरोबर येतो हे कंपनीने मानले नाही. वंशावळ हा म्हणूनच जैविक वंशाचा नकाशा नसतो. समाजाने, धर्माने आणि सरकारने मान्य केलेल्या नात्यांची ती नोंद असते. जनुकीय चाचणीचे निष्कर्ष व घरातील वंशावळ जुळत नाहीत, तेव्हा दोहोंपैकी एक खोटे असलेच पाहिजे असे नाही.

कुलवृत्तांत

वंशावळी जपण्यामागे प्रारंभी कौतुकापेक्षा हक्काचा भाग मोठा होता. देशमुखी, कुलकर्ण, खोती, जोशीपण यांसारख्या वतनांच्या वाटणीत आणि वादांत पिढ्या सिद्ध कराव्या लागत. ब्रिटिश काळात इनाम कमिशनपुढे आपला हक्क मांडताना अनेक घराण्यांनी कैफियती व वंशावळी सादर केल्या. या कागदांचा उपयोग आज वंशशोधासाठी होतो. परंतु ते दाव्याचे कागद आहेत. दावा बळकट करण्यासाठी मूळ पुरुष जितका मागे नेता येईल तितका नेण्याचा मोह त्यांत असे.

विसाव्या शतकात शिक्षणाचा व छपाईचा प्रसार झाल्यावर अनेक घराण्यांनी आपली कुलमंडळे स्थापून कुलवृत्तांत छापले. यात चित्पावन घराणी आघाडीवर होती. कऱ्हाडे, देशस्थ, सारस्वत व कायस्थ प्रभू घराण्यांचेही वृत्तांत आहेत. साधारण पद्धत अशी: एखादा निवृत्त शिक्षक किंवा कारकून पुढाकार घेतो, आडनावबंधूंना प्रश्नावली पाठवतो, उत्तरे न देणाऱ्यांकडे स्वतः जातो आणि आगाऊ वर्गणीतून ग्रंथ छापला जातो. ग्रंथात गोत्र, प्रवर, कुलदैवत, कुलाचार, मूळ गाव, घराण्यांच्या शाखा, घडीचे वंशवेल आणि प्रत्येक व्यक्तीची जन्म, शिक्षण, नोकरी व विवाह यांची त्रोटक माहिती असते. ज्या शाखेने उत्तर पाठवले नाही ती शाखा ग्रंथात ‘निर्वंश’ असल्यासारखी दिसते. वाचकाने ही गफलत नेहमी ध्यानात ठेवावी लागते.

घरगुती उपयोगासाठी तयार झालेल्या या ग्रंथांकडे समाजशास्त्रज्ञांचेही लक्ष गेले. इरावती कर्वे यांनी मुंबई विद्यापीठातील पदव्युत्तर प्रबंधासाठी चित्पावन समाजाचाच विषय घेतला होता. अमेरिकन अभ्यासक मॉरीन पॅटरसन यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात चित्पावन कुलवृत्तांत हे सामाजिक बदलाच्या अभ्यासाचे साधन म्हणून कसे वापरता येतात, हे दाखवले. एकाच कुळातील शेकडो व्यक्तींची गावे, शिक्षण आणि व्यवसाय पिढीवार मिळत असल्याने भिक्षुकीकडून सरकारी नोकरीकडे व कोकणातून शहरांकडे झालेला प्रवास त्यांत टप्प्याटप्प्याने दिसतो. बालपणी वारलेली मुले, विधवा आणि घराबाहेर काढलेल्या व्यक्ती मात्र या ग्रंथांत क्वचितच भेटतात.

कागदपत्रे

हरिहरेश्वर परिसरातील दप्तरांचा शोध घेताना राजकीय सीमा माहीत असणे आवश्यक ठरते. श्रीवर्धन व हरिहरेश्वर हा भाग १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. संस्थान विलीन झाल्यावर तो कुलाबा जिल्ह्यात आला. या जिल्ह्याचे नाव १९८१ मध्ये रायगड झाले. सावित्रीच्या दक्षिण तीरावरील बाणकोट मात्र १७५६ च्या तहाने इंग्रज ईस्ट इंडिया कंपनीकडे आले होते आणि ते पुढे रत्नागिरी जिल्ह्यात राहिले. आज बागमांडला-वेसवी फेरीबोटीने काही मिनिटांत ओलांडली जाणारी ही खाडी दीर्घकाळ दोन राजवटींमधील सीमा होती. एकाच कुळातील दोन भावांचे कागद त्यामुळे दोन निराळ्या दप्तरांत सापडू शकतात.

विसाव्या शतकाच्या मध्यापूर्वीचे बरेच कागद मोडी लिपीत आहेत. पेशवे दप्तर पुणे पुराभिलेखागारात असून १९१० मध्ये स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळातही घराण्यांची दप्तरे जतन केलेली आहेत. कालगणनेचाही प्रश्न असतो. शके वर्षात ७८ किंवा ७९ मिळवल्यास इसवी सन मिळतो. पेशवेकालीन कागदांतील सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात, आणि त्यातील वर्षे अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेली असतात. अलीकडच्या काळासाठी सातबारा व आठ-अ उतारे, फेरफार नोंदी, गाव नमुना १४ मधील जन्म-मृत्यूच्या नोंदी आणि शाळेचे जनरल रजिस्टर ही साधने अधिक उपयोगी आहेत. फेरफारातील वारसनोंदीत मुलींची नावे येत असल्याने, कुलवृत्तांतात हरवलेल्या स्त्रिया कधी कधी येथे सापडतात.

याहून मागे जाण्याचा मोह अनेकांना होतो. श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर येथे शके ९८२ (इ.स. १०६०) चा मराठी ताम्रपट सापडला आहे आणि त्यात स्थानिक व्यक्तींची नावे आहेत. परंतु त्या व्यक्तींपासून आजच्या कोणत्याही कुळापर्यंत सलग पिढ्यांची साखळी जोडता येत नाही. सामान्य घराण्याची विश्वसनीय वंशावळ आठ-दहा पिढ्यांपलीकडे गेली, तर तिच्या आधारांची अधिक कसोशीने तपासणी करणे योग्य ठरते.

छापील ग्रंथ नसलेल्या समाजांची साधने वेगळी आहेत. नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी आदी ठिकाणच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंच्या पिढ्यांची नोंद असते. हरिद्वार व इतर काही तीर्थक्षेत्रांतील अशा वह्यांचे सूक्ष्मपट अमेरिकेतील यूटा येथील वंशशास्त्र संस्थेने १९७७ पासून घेतले आहेत. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी गावोगाव फिरून यजमान कुळांच्या वंशावळी सांगतात व लिहून ठेवतात. श्रीवर्धन परिसरातील कुणबी, आगरी, कोळी व बौद्ध कुटुंबांत मौखिक परंपरा, गावकीतील मानपान आणि मुंबईतील ग्रामस्थ मंडळांच्या नोंदी हाच मुख्य आधार असतो. रायगड किनाऱ्यावरील बेने इस्रायली समाजाची किहीमकर, रोहेकर, पेणकर, दिवेकर अशी आडनावे त्यांच्या वस्तीची गावे सांगतात. इस्रायलमध्ये स्थायिक झालेल्या कुटुंबांनाही आपला कोकणातील मागोवा या आडनावांवरून घेता येतो.

पलीकडच्या तीरावरील स्कॉटिश शोध

सावित्रीच्या मुखाशी दुसऱ्या एका प्रकारचा वंशशोधही येऊन थांबतो. स्कॉटिश मिशनरी सोसायटीने पश्चिम भारतातील आपले पहिले केंद्र १८२३ मध्ये बाणकोट येथे उघडले. पुढे मुंबईत शिक्षणकार्यासाठी प्रसिद्धी पावलेले जॉन विल्सन १८२९ मध्ये भारतात आल्यावर मराठी शिकण्यासाठी जवळच्या हर्णै येथे राहिले होते. कोकणात आलेल्या मिशनरी, सैनिक व अधिकाऱ्यांचे वंशज आज स्कॉटलंड, कॅनडा अथवा ऑस्ट्रेलियातून या गावांचा शोध घेतात. मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदींच्या प्रती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. १९९८ मध्ये स्थापन झालेली ‘फॅमिलीज इन ब्रिटिश इंडिया सोसायटी’ ही संस्था स्वयंसेवकांच्या साहाय्याने अशा नोंदींच्या सूची तयार करते.

या दोन पद्धतींची तुलना उद्बोधक आहे. स्कॉटलंडमधील सर्वांत जुनी उपलब्ध पॅरिश नोंदवही १५५३ पासूनची आहे आणि १ जानेवारी १८५५ पासून तेथे जन्म, मृत्यू व विवाह यांची सक्तीची नागरी नोंदणी सुरू झाली. शोधकाला तेथे घराण्याच्या स्मृतीवर फारसे अवलंबून राहावे लागत नाही; नोंदवही त्याला एकेक पिढी मागे नेते. ‘क्लॅन’ हा शब्द कुळासाठी पर्याय म्हणून वापरला जातो खरा, परंतु एकच क्लॅननाम धारण करणारे सर्वजण एका पूर्वजाचे वंशज नसत. सरदाराचा आश्रय घेणारी कुटुंबेही त्याचे नाव लावीत. आडनावावरून नाते गृहीत धरण्याची चूक तेथेही तितकीच होते. महत्त्वाचा भेद स्त्रियांच्या नावाबाबत आहे. स्कॉटलंडमध्ये विवाहित स्त्रीचे माहेरचे आडनाव नोंदींत कायम राहते. १८५५ नंतरच्या जन्मनोंदीत आईचे, तर मृत्युनोंदीत मृताच्या आईचेही माहेरचे आडनाव लिहिण्याची पद्धत असल्याने मातृवंश पित्याच्या वंशाइतकाच शोधता येतो. महाराष्ट्रात १ मे २०२४ वा त्यानंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावापाठोपाठ आईचे नाव लिहिण्याचा निर्णय झाला आहे. मात्र त्यात आईचे फक्त नाव येते, तिच्या माहेरचे आडनाव नव्हे.

माहितीची देवघेव

वंशशोध एकट्याने पूर्ण होत नाही. एका शाखेकडे जुने दप्तर असते, दुसरीकडे आठवणी असतात, तिसरीकडे केवळ एखादे छायाचित्र. पूर्वी ही देवघेव पत्रे व कुलसंमेलने यांतून होत असे. आता व्हॉट्सॲप गट आणि संगणकीय वंशवृक्ष यांनी ती वेगवान केली आहे. निरनिराळ्या आज्ञावलींमध्ये वंशावळीची माहिती नेण्यासाठी ‘गेडकॉम’ ही फाइलरचना वापरली जाते. पाश्चात्त्य नामपद्धती गृहीत धरून ती तयार झालेली असल्याने वडिलांचे नाव, विवाहानंतर बदललेले नाव किंवा तिथी यांची नोंद करताना मराठी शोधकाला स्वतःचे नियम ठरवावे लागतात. माहिती देणाऱ्याने ती कोठून मिळाली हे सोबत लिहिल्यास पुढच्या शोधकाचे श्रम वाचतात. तसे न झाल्यास एका वृक्षातील चूक शेकडो वृक्षांत उतरते आणि केवळ सर्वत्र दिसते म्हणून खरी मानली जाते.

हयात व्यक्तींविषयी अधिक दक्षता लागते. जुन्या कुलवृत्तांतांत जन्मतारीख, पत्ता, पगाराची नोकरी व विवाहसंबंध सर्रास छापले जात. असा ग्रंथ पाचशे घरांत जाई व तेथेच राही. हीच माहिती महाजालावर आल्यास जन्मतारीख व आईचे माहेरचे आडनाव यांचा बँकव्यवहारांतील फसवणुकीसाठी उपयोग होऊ शकतो. दत्तकविधान, घटस्फोट, आंतरजातीय विवाह किंवा आजार यांची नोंद संबंधित व्यक्तीच्या संमतीविना उघड करणे तिला त्रासदायक ठरू शकते. स्कॉटलंडच्या अधिकृत संकेतस्थळावर जन्माच्या नोंदी १००, विवाहाच्या ७५ आणि मृत्यूच्या ५० वर्षांपर्यंत उघड केल्या जात नाहीत. भारतात जनगणनेतील वैयक्तिक नोंदी १९४८ च्या जनगणना अधिनियमानुसार गोपनीय आहेत. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमातून एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेला माहितीचा वापर वगळलेला आहे. त्यामुळे घरातल्या घरात ठेवलेल्या वंशवृक्षाला तो लागू होत नाही, पण सर्वांसाठी खुल्या केलेल्या वंशवृक्षाबाबत हा आधार गृहीत धरता येत नाही.

महाराष्ट्रात वंशावळीला आजही प्रशासकीय मूल्य आहे. जातीच्या दाखल्यासाठी अर्जदारास वंशावळीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि पूर्वजांचे वास्तव्य मानीव दिनांकापूर्वीचे असल्याचे दाखवावे लागते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हे ते दिनांक आहेत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध हाती घेतल्यावर मोडी वाचकांची मागणी एकाएकी वाढली. ज्या घराण्यांचे कुलवृत्तांत छापले गेले, त्यांना हा शोध बहुधा हौसेचा असतो. ज्यांच्या पूर्वजांची नोंद कोतवालाच्या वहीतील एका ओळीपुरतीच झाली, त्यांच्या मुलाचा महाविद्यालयीन प्रवेश त्या ओळीवर अवलंबून असतो.